मधला सूर

आमच्या घरात कीबोर्डसमोर कोणी नसताना बँड वाजत राहणं यात नवल असं काही नव्हतं. मास्टरांची ती खोडच होती. मास्टर म्हणजे माझा नवरा. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे, म्हणून लग्नानंतर मीही तेच म्हणायला लागले, कारण 'अहो' म्हटलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. त्यांच्या अरेंजर कीबोर्डवर 'मेमरी' नावाचं एक बटण आहे. ते चालू असलं की डाव्या हाताने एकदा कॉर्ड द्यायची, म्हणजे तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, आणि हात उचलायचा. मग यंत्राच्या पोटातली ड्रम, बेस, गिटार ही सगळी मंडळी तीच कॉर्ड धरून वाजवत बसतात, तुम्ही पुढची देईपर्यंत. चाल लावायला बसले की मास्टर अशी एक कॉर्ड देऊन उठायचे आणि स्वयंपाकघरात येऊन चहा मागायचे. बाहेरच्या खोलीत बँड आपला एकाच जागी ढिम्म. मी वैतागून विचारलं तर म्हणायचे, "पाणी उकळायला ठेवलंय. उकळलं की चाल टाकतो."

मास्टर गेल्या वर्षी गेले. त्यांची ही खोड आमच्या लेकीने उचलली. ठिपका तिचं नाव, म्हणजे जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बापाने ठेवलेलं. आता डोकं दाराच्या चौकटीला लागायला आलं तरी ती ठिपकाच. त्या रविवारी दुपारी ती अशीच कॉर्ड देऊन आत आली. आम्ही मायलेकी ओट्याला टेकून चहा पीत होतो, बाहेर बँड वाजत होता, आणि कॉर्ड बदलली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुन्हा बदलली. मग थोडी थांबून, विचार करून बदलावी तशी, पहिल्या जागी परत आली.

"तू काही लावून आलीस का?" मी विचारलं.

ठिपक्याने मान हलवली. बाहेर जाऊन पाहिलं तर स्टूल रिकामं, खिडकी बंद, पट्ट्यांवर धुळीचा कण नाही. ती म्हणाली, "एखादी पट्टी अडकत असेल." मी म्हटलं, "असेल." घरात तिसरं कोणी नव्हतं, मग दुसरं काय म्हणणार?

दुरुस्तीवाला मास्टरांच्या ओळखीतला. त्याने यंत्र दुकानात नेऊन उघडलं, पट्ट्यांखालची रबरं ब्रशने साफ केली आणि मेमरी चालू ठेवून अर्धा दिवस तसंच वाजत ठेवलं. परत आणून देताना म्हणाला, "वहिनी, यंत्र ठणठणीत आहे. मास्टरांनी जिवापाड जपलंय. माझ्याकडे एकच कॉर्ड धरून बसलं होतं, तसूभर हललं नाही." त्याला वाटलं मी खूश होईन.

आता या अरेंजरवरून आमच्या घरात किती वाद झालेत ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मास्टर वाजवायचे आणि मी गायचे. हॉटेलांचे हॉल, लग्नाचे वाढदिवस, कंपन्यांची स्नेहसंमेलनं असे आमचे कार्यक्रम. मास्टर म्हणायचे, एका माणसात आठ जणांचा बँड, आणि त्यातला एकही जण रुसत नाही की उशिरा येत नाही. मी गाताना मध्येच एखादी ओळ पुन्हा घेतली तरी बिघडत नव्हतं. मास्टरांचा डावा हात जिकडे जाईल तिकडे बँड मुकाट मागे जायचा. पाहुण्यांनी पट्टी खाली घ्या म्हटलं की एक बटण. माझा श्वास संपायला आला की ते फिल-इनचं बटण दाबायचे, ड्रमवाला एक गिरकी घ्यायचा आणि तेवढ्यात मी श्वास भरून घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय छान बसवलंय.

ठिपका या सगळ्याला नाक मुरडायची. तिने नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर सिंथेसायझर वर्कस्टेशन आणलं. ते चालू केलं तर काहीच होत नाही. ड्रम हवे तर तुम्ही एकेक ठोका भरा, बेस हवा तर तुम्ही वाजवून नोंदवा, आवाज आवडला नाही तर आत शिरून तो मुळापासून बदला. मी म्हटलं, "हे कसलं वाद्य, ही तर शिक्षा आहे." ती म्हणाली, "आई, अरेंजर म्हणजे सामानासकट भाड्याने घेतलेलं घर. सोफा कुठे ठेवायचा तेही मालकाने ठरवलेलं. इथे चार भिंती आहेत, पण खिळा मी ठोकीन तिथे." मी विचारलं, "आणि पाहुणे मध्येच म्हणाले की कडवं गाळा, तर तुझ्या चार भिंती ऐकतील?" ते मात्र खरं होतं. त्यात भरून ठेवलेलं गाणं कोणासाठी थांबत नाही. मास्टर तर वर्कस्टेशनला हातही लावायचे नाहीत. "मला ते उघडं पाडतं," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, नवीन शिकायचा कंटाळा.

ठिपक्याला कार्यक्रम करायचेच नव्हते. तिला गाणी लिहायची होती, स्वतःची. आणि त्या महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्याकडे मागितलं होतं. एक नाटकवाली बाई, नवं नाटक बसवत होती. तिने ठिपक्याकडून तीन चाली ऐकल्या आणि आमच्याच घरात बसून, माझ्या हातचा चहा पीत सांगितलं, "गोड आहेत. पण या मास्टरांच्या आहेत गं. मी त्यांना ऐकलंय. मला तुझं गाणं हवंय. तालमी सुरू होईपर्यंत वाट बघते, मग दुसऱ्या कोणालातरी सांगते."

ती गेल्यावर ठिपक्याने कपबश्या उचलल्या. मग म्हणाली, "हे जमलं नाही ना आई, तर मी दोन्ही यंत्रं विकून टाकणार. ऑफिसात परगावची जागा देऊ करतायत, ती घेते आणि संपवते एकदाचं." ती बोलते तसं करते, बापावर गेलीय. घरातून गाणं जाणार आणि पोरगीही जाणार, दोन्ही एकदम.

खरी अडचण अशी की वर्कस्टेशनसमोर बसलं की तिला काही सुचत नव्हतं. यंत्राचा रिकामा पडदा आणि ती. मग ती कंटाळून अरेंजरवर जायची, की दहा मिनिटांत चाल तयार. आणि प्रत्येक चाल एकाच ठिकाणी वाकायची. मुखडा संपताना तिला वर जायचं असायचं, आणि बँड खाली उतरायचा. तिच्या हाताच्या आधी उतरायचा, मग हात त्याच्यामागे जायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. ते उतरणं माझ्या ओळखीचं होतं. मास्टर जाण्याच्या आधी ज्या चालीवर बसले होते, तिचा मुखडा नेमका तसा उतरत होता. त्या चालीचा अंतरा झालाच नाही. एकदा ती वैतागून हसत म्हणाली, "बाबा, सोडा ना जरा." आणि मग तिचं हसू गेलं.

शेवटी तिने एक वायर आणली. अरेंजर वर्कस्टेशनला जोडायचा, म्हणजे अरेंजरवर दाबलेली प्रत्येक पट्टी वर्कस्टेशनच्या पडद्यावर नोंदली जाते. कोणती पट्टी, केव्हा, आणि किती जोराने. "अरेंजर बँडसाठी फक्त कोणत्या पट्ट्या दाबल्या ते बघतो," तिने मला समजावलं. "हळू दाब की जोरात, त्याचा बँड तसाच वाजतो. याला मात्र जोरही कळतो, आकड्यात." तिने चाल वाजवली. ठरल्या ठिकाणी बँड खाली उतरला. मग तिने पडदा माझ्याकडे फिरवला.

"या रेघा माझ्या. या बघ, तिन्ही पट्ट्या, नव्वदच्या आसपास." तिचं बोट पुढे सरकलं. "आणि ही कॉर्ड. माझ्या हाताच्या आधी. ही मी दाबली नाही आई. कोणी दाबली?"

मी चष्मा लावून पाहिलं. खालचा सूर अठ्ठ्याऐंशी, वरचा नव्वद. मधला एकतीस. त्याच्या पुढची कॉर्डही तशीच. मधला सूर प्रत्येक वेळी मरतुकडा.

मास्टरांचं डाव्या हाताचं मधलं बोट कार्यक्रमाच्या गाडीच्या दारात चेंगरलं होतं, ठिपक्याच्या जन्माआधी. दिसायला बरं झालं, पण जोर कधी आला नाही. शर्टाची बटणं ते बाकीच्या बोटांनी लावायचे. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, कारण अरेंजरने ते झाकलं होतं. मधली पट्टी नुसती टेकली तरी बँड पूर्ण वाजायचा. वर्कस्टेशनने त्यांना उघडं पाडलं असतं, आणि ते त्यांनी मला शब्दांत सांगितलंही होतं. मला ते तेव्हा कळलं नाही, आता पडद्यासमोर उभी राहून कळलं.

"वायर खराब असेल," मी म्हटलं.

मी खोटं बोलले. मला भीती वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला होता. इतका की मी आत जाऊन नळ सोडला आणि भांडी घासायचं नाटक करत उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ठिपका ऑफिसला गेली की मी अरेंजर चालू करायला लागले. मला वाजवता येत नाही. मी फक्त मेमरी दाबायचे, एका बोटाने एक सूर द्यायचे आणि मागे उभी राहून गायचे. थोडा वेळ बँड त्याच जागी राहायचा. मग माझी ओळ जिकडे वळायची तिकडे तो यायचा. श्वास संपायला आला की गिरकी यायची, बटणाला कोणी हात लावलेला नसताना. खोलीत फार थंड वाटायचं, तरी मी खिडकी उघडायचे नाही. गाऊन झालं की मी त्यांना दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. एकदा तर मी बोलत असताना बँडने आवाज आपणहून कमी केला. सुखाने मला रडू आलं. पण प्रत्येक वेळी शेवटी तोच मुखडा यायचा, तसाच खाली उतरायचा, आणि पुढे काहीच नसल्यामुळे तिथे गोल गोल फिरत राहायचा. मला अंतरा माहीत नव्हता. मी यंत्र बंद करायचे.

ठिपक्याच्या हातून पहिल्यांदा कप पडला तेव्हा मी तिच्यावरच ओरडले. दुसऱ्यांदा पडला तेव्हा तिने डावा हात उघडून पाहिला. "झोपेत दाबला गेला असेल," ती म्हणाली. "हे मधलं बोट बधिर झाल्यासारखं वाटतंय."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी तिने वायर काढून टाकली होती. अरेंजर बंद होता, त्यावर कापड टाकलेलं होतं. तिने हट्टाने वर्कस्टेशनवर नुसत्या तीन-चार कॉर्ड नोंदवल्या आणि मला हाक मारली. आवाज अगदी बारीक होता तिचा. पडद्यावर खालचा सूर पंच्याऐंशी, वरचा नव्वद, मधला एकतीस. पुढच्या कॉर्डला मधला तीस. वायरच नव्हती, तर खराब कसली असणार? तिन्ही पट्ट्या तिने माझ्यासमोर, तिच्या स्वतःच्या हाताने दाबल्या होत्या.

"आई, माझा हात असा वाजत नाही," ती म्हणाली. "आणि मी सकाळपासून काहीतरी गुणगुणतेय, ते मला येत नाही."

मी तिला कुशीत घेतलं. तिच्या खांद्यावरून मला तो कापडाखालचा कीबोर्ड दिसत होता, आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली. इतके दिवस मी समजत होते की ते मला भेटायला येतात. ते मला नव्हे, गाण्याला भेटायला येत होते, आणि गाणं पुरं करायला त्यांना हात हवा होता. पोरगी तरुण होती, तिला वाजवता येत होतं, रोज आपणहून समोर येऊन बसत होती. मास्टर काही दुष्ट माणूस नव्हते. पण चाल अर्धवट असली की त्यांना जेवणाची शुद्ध नसायची, समोर कोण बसलंय ते दिसायचं नाही. जिवंतपणी मी त्यांना हलवून जागं करायचे. आता हलवायला खांदा नव्हता.

सकाळी मी नाटकवालीला फोन केला. म्हटलं, तुमच्या तालमीच्या खोलीत एक कोपरा द्या, पोरीला घरी सुचत नाही. ठिपक्याने ऑफिसातून रजा घेतली. वर्कस्टेशन रिक्षात घालताना ती म्हणाली, "तिथेही हेच झालं तर?" मी म्हटलं, "होणार नाही. दिवे लागेपर्यंत घरी यायचं नाही, बजावून ठेवते." रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

मग मी घरात आले, दाराला कडी घातली आणि अरेंजरवरचं कापड काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. ते मास्टरांच्या उंचीला लावलेलं होतं, माझे पाय जमिनीला धड टेकेनात.

"अहो," मी म्हटलं. "ती पोर आहे आपली. तिचं स्वतःचं काहीतरी व्हायचंय अजून. तिला सोडा. अंतरा हवाय ना तुम्हाला? माझा हात घ्या. येत नाही मला, पण तुम्हाला तर येतं."

यंत्र नुसतं चालू होतं, दिवा लागलेला. मी मेमरी दाबली आणि डावा हात पट्ट्यांवर ठेवला. काही झालं नाही. मला वाटलं, किती वेडी मी. मग तळहाताखाली गार वाटलं, पाण्यात हात बुडवावा तसं मनगटापर्यंत, आणि माझी बोटं पसरली. मी पसरली नव्हती. करंगळी, मधलं, अंगठा. बँड सुरू झाला.

मुखडा मी गायले. तो खाली उतरला, मीही त्याच्याबरोबर उतरले. पुढे रोज जिथे सगळं अडायचं तिथे माझा हात उचलला गेला आणि बाजूला, मला कधीच सुचली नसती अशा जागी जाऊन पडला. ड्रमवाल्याने गिरकी घेतली. मी श्वास घेतला आणि तोंड उघडलं, आणि अंतरा आला. शब्द कुठून आले मला माहीत नाही. ते फार सुंदर होते, एवढं मी सांगू शकते, कारण ते माझे नव्हते. गाणं पुरं झालं. मग पुन्हा सुरू झालं. दुपार उलटून गेली तेव्हा हात आपोआप सुटला. मी यंत्र बंद करून त्यावर पुन्हा कापड टाकलं. बाहेर उन्हं होती आणि मी अंगभर शहारत होते.

ठिपका दिवेलागणीला आली ती दारातूनच बोलत. "सुचलं. आई, सुचलं." तिने डावा हात माझ्या तोंडासमोर नाचवला. पाचही बोटांनी माझा गाल ओढला आणि मधल्या बोटाचा चिमटा चांगला झोंबला. माझा जीव भांड्यात पडला. नाटकवालीला गाणं आवडलं होतं. तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली होती, आता ही तू.

वर्कस्टेशन खोलीत मांडून तिने मला ते ऐकवलं. थोडं ओबडधोबड होतं. ड्रमचा ठोका कोरडा, बेस मध्येच गायब, आणि एका ठिकाणी अशी कॉर्ड की मास्टरांनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण मुखडा संपताना ते वर गेलं. धडपडत, एकट्याने, पण वर गेलं. मी डोळे पुसले.

"आता खरी गोष्ट," ठिपका म्हणाली. "हे नाटकात तू गायचंस. मी तिला सांगून आलेय, ती हो म्हणालीय. मी लिहिलेलं पहिलं गाणं दुसऱ्या कोणी गायलेलं मला चालणारच नाही."

तिने मला ओळ शिकवली. सोपी होती, एखाद्या लहान मुलालाही जमली असती. मी उभी राहिले, श्वास घेतला आणि गायले. शब्द तिचे आले. चाल खाली उतरली.

"नाही, इथे वर जायचंय," ती हसून म्हणाली. "पुन्हा."

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, एकेक सूर मनात धरून गायले. शेवटच्या सुरावर माझ्या गळ्यात ते गार पाणी शिरल्यासारखं झालं, आणि मुखडा खाली उतरून सरळ त्यांच्या अंतऱ्यात गेला. ठिपक्याचे शब्दसुद्धा राहिले नाहीत. मी स्वतःच्या तोंडावर हात दाबला तेव्हा कुठे थांबलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला एका शब्दाने सांगितलं असतं तर तिने तिथल्या तिथे कापड फेकून दिलं असतं, त्या स्टुलावर बसली असती आणि मला सोडवून घ्यायला स्वतःचा हात पुढे केला असता. बापावर गेलीय ती.

"माझा आवाज आता चालत नाही," मी म्हटलं. "दुसरी कोणीतरी बघ."

"आवाज नीट चालतोय. ऐकला मी आत्ता." तिने वर्कस्टेशन बंद केलं, त्याची विजेची वायर गुंडाळली, सावकाश, माझ्याकडे न बघता. "बाबांच्या गाण्याला तू कधी नाही म्हणाली नाहीस."

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.